पद, मालकी आणि श्रेय : फॅशन उद्योगातील स्त्रियांच्या सर्जनशील नेतृत्वाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : मारिया ग्राझिया कियुरी यांचा दिओरमधील कार्यकाल, २०१६ ते २०२५)

प्रस्तावना

पॅरिसमधील दिओर या फॅशनगृहाने जुलै २०१६ मध्ये मारिया ग्राझिया कियुरी यांची स्त्रीवस्त्रांच्या सर्जनशील संचालकपदी नियुक्ती केली. १९४६ साली स्थापन झालेल्या या गृहात हे पद पूर्णत्वाने एका स्त्रीकडे येण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. त्यापूर्वी ख्रिस्तियन दिओर, इव्ह सँ लॉराँ, मार्क बोआँ, जानफ्रांको फेर्रे, जॉन गॅलियानो आणि राफ सिमन्स अशी सहा पुरुषांची परंपरा तेथे होती. ज्या गृहाचा ग्राहकवर्ग मुख्यतः स्त्रियांचा आणि ज्याच्या शिवणकक्षांतील बहुसंख्य हात स्त्रियांचे, तेथे ही नियुक्ती ऐतिहासिक ठरावी हे स्वाभाविकच होते. मे २०२५ मध्ये कियुरी यांनी हे पद सोडले. त्यामुळे त्यांच्या नऊ वर्षांच्या कार्याकडे आता एक पूर्ण झालेला कालखंड म्हणून पाहता येते.

या कार्यकालाविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार तो स्त्रीमुक्तीच्या विचाराचा फॅशनमधील विजय होय. दुसऱ्या मतानुसार ती केवळ विक्रीची क्लृप्ती होती. ही दोन्ही मते नेतृत्वाचा विचार फक्त पदाच्या अंगाने करतात. सर्जनशील नेतृत्वाची चिकित्सा करताना पद कोणाकडे आहे, मालकी कोणाची आहे आणि श्रेय कोणापर्यंत पोहोचते, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

मालक-सर्जक स्त्रियांचा काळ

फॅशनमधील स्त्रियांचा इतिहास हा शिलाईयंत्रापासून संचालकपदापर्यंतच्या सरळ चढत्या प्रवासाचा इतिहास आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पॅरिसमध्ये आघाडीवरील अनेक गृहे स्त्रियांनी स्थापन केलेली होती. झान लान्व्हाँ यांनी १८८९ साली टोप्यांच्या व्यवसायापासून प्रारंभ केला. गाब्रिएल शॅनेल यांनी १९१० मध्ये रु काँबाँ या रस्त्यावर टोप्यांचे दुकान उघडले. मादलेन व्हियोने यांनी १९१२ मध्ये स्वतःचे गृह सुरू केले. एल्सा स्कियापारेल्ली यांचा उदय १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाला.

यांपैकी व्हियोने यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. कापड तिरपे, म्हणजे उरेब कापून ते शरीरावर आपल्याच वजनाने पडू देण्याचे तंत्र त्यांनी पूर्णत्वास नेले. आपल्या रचनांची नक्कल होऊ नये म्हणून त्या वस्त्राच्या लेबलावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवीत. कामगार स्त्रियांसाठी पगारी रजा आणि वैद्यकीय मदत यांची सोयही त्यांनी केली होती. रचनेवरील हक्क आणि कामाच्या अटी ठरविण्याचा अधिकार येथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेला दिसतो.

मालकीचा प्रश्न त्या काळातही निर्वेध नव्हता. शॅनेल यांच्या नावाचे अत्तर १९२१ मध्ये बाजारात आले. १९२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी उभारण्यात आली, तेव्हा त्यांच्या वाट्याला केवळ दहा टक्के हिस्सा आला. बहुतांश हिस्सा भांडवल पुरविणाऱ्या व्हेर्थायमर कुटुंबाकडे गेला. पुढे जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन ही कंपनी त्या ज्यू कुटुंबाकडून हिरावून घेण्याचा प्रयत्न शॅनेल यांनी केला आणि तो निष्फळ ठरला. मालकी हाती असलेली वा ती मागणारी स्त्री न्याय्यच वागेल असे गृहीत धरता येत नाही, याचे भान हा प्रसंग देतो.

१९४७ नंतरची रचना

फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिस्तियन दिओर यांचा पहिला संग्रह सादर झाला. आवळलेली कंबर आणि घेरदार लांब झगा हे त्याचे वैशिष्ट्य. या गृहामागील भांडवल मार्सेल बुसाक या कापड उद्योगपतीचे होते. दिओर यांच्याभोवती रेमाँद झेनाकर, शिवणकक्षांची तांत्रिक सूत्रे सांभाळणाऱ्या मार्गेरित कार्रे आणि मित्झा ब्रिकार अशा समर्थ स्त्रिया होत्या. दिओर यांनी स्वतः त्यांचे ऋण मान्य केले आहे. तथापि, आरेखनाचे पद पुरुषाकडे, आरेखन कापडात उतरविण्याचे काम स्त्रियांकडे आणि मालकी तिसऱ्याच भांडवलदाराकडे, अशी जी विभागणी येथे झाली, तीच पुढे मोठ्या फॅशनगृहांचा प्रचलित साचा बनली.

या साच्यात सर्जनशील संचालक हा मूलतः नियुक्त अधिकारी असतो. ज्या नावाने तो काम करतो ते नाव त्याचे नसते. स्त्रियांना हे पद मिळाले तेही अनेकदा पुरुष संचालकाच्या साहाय्यक म्हणून प्रदीर्घ काळ काम केल्यानंतर. सारा बर्टन या अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये त्यांच्या जागी आल्या. विर्जिनी व्हियार यांनी सुमारे तीन दशके कार्ल लागरफेल्ड यांच्यासमवेत काम केले आणि २०१९ मध्ये लागरफेल्ड यांच्या निधनानंतर त्या शॅनेलच्या प्रमुख झाल्या. २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. दिओरमध्येही कियुरी यांच्या आधी, २०१५-१६ च्या संक्रमणकाळात, लुसी मायर यांनी सर्ज रुफ्यू यांच्या जोडीने संग्रह सिद्ध केले होते. ‘पहिली स्त्री’ या बिरुदाच्या झगमगाटात हा तपशील सहसा विसरला जातो.

अल्प कार्यकाल हे केवळ स्त्रियांचेच प्राक्तन आहे असे मात्र म्हणता येत नाही. राफ सिमन्स यांनीही दिओर साडेतीन वर्षांतच सोडले होते. अस्थैर्य हा नियुक्त पदाचा गुणधर्म आहे. याउलट १९६९ पासून ‘कॉम दे गार्साँ’ चालविणाऱ्या रेई कावाकुबो किंवा १९७८ मध्ये कौटुंबिक व्यवसायाची धुरा स्वीकारणाऱ्या म्युचिया प्राडा यांचे नेतृत्व दशकानुदशके टिकले. दोघींकडेही पदाबरोबर मालकी होती.

कियुरी यांचे कार्य : घोषवाक्य आणि वस्त्र

१९६४ साली रोममध्ये जन्मलेल्या कियुरी या शिवणकाम करणाऱ्या आईच्या कन्या. फेंडी आणि त्यानंतर व्हॅलेंटिनो येथे पिएरपाओलो पिच्चोली यांच्यासमवेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. दिओरमधील त्यांच्या पहिल्याच प्रदर्शनात, सप्टेंबर २०१६ मध्ये, चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या स्त्रीवादी निबंधाचे शीर्षक छापलेला पांढरा टी-शर्ट होता. त्याची किंमत सुमारे ७१० डॉलर होती. पुढील वर्षी लिंडा नॉकलिन यांच्या १९७१ मधील प्रसिद्ध निबंधाचे शीर्षक वस्त्रावर अवतरले. थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, हा तो प्रश्न.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. नॉकलिन यांच्या विवेचनाचा गाभा असा की, हा प्रश्न व्यक्तीच्या प्रतिभेचा नसून शिक्षण, संधी आणि मान्यता देणाऱ्या संस्थांच्या रचनेचा आहे. वस्त्रावर मात्र केवळ प्रश्न उतरला. संस्थेच्या रचनेकडे वळणारे त्याचे उत्तर उतरले नाही. घोषवाक्य हे कियुरी यांच्या कार्याचे सर्वाधिक गाजलेले, परंतु सर्वांत दुबळे अंग आहे, असेच म्हणावे लागते.

वस्त्ररचनेतील त्यांचे काम अधिक विचारार्ह आहे. पहिल्या संग्रहात त्यांनी तलवारबाजीच्या खेळातील पोशाखाचा आधार घेतला. १९४७ च्या सुप्रसिद्ध ‘बार’ जाकिटाची अंतर्गत बांधणी त्यांनी उत्तरोत्तर सैल आणि हलकी केली. सपाट पादत्राणे, चालता येईल असे झगे यांवर त्यांचा भर राहिला. हे कपडे फारच साधे आणि बाजारू आहेत, असा आक्षेप वारंवार घेण्यात आला. परंतु परिधान करणारीला चालता-वावरता येणे हा एक सौंदर्यविषयक निर्णयच आहे, ही बाब या आक्षेपात दुर्लक्षिली जाते. पुरुष रचनाकाराच्या नाट्यमयतेला प्रतिभा म्हणावे आणि स्त्री रचनाकाराच्या उपयुक्ततेला तडजोड म्हणावे, हा निकष तपासून घेण्याजोगा आहे. त्याचबरोबर, २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणलेली आणि खपलेली ‘सॅडल’ ही पिशवी मूळची गॅलियानो यांच्या काळातील होती, हेही विसरता येत नाही. नियुक्त संचालकाला वारशाने मिळालेल्या भांडारातूनच व्यवसाय चालवावा लागतो.

मुंबईचा धागा

कियुरी यांच्या कार्याचा मुंबईशी असलेला संबंध आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. युरोपीय गृहांच्या वस्त्रांवरील भरतकामाचा मोठा भाग मुंबईतील कारखान्यांत होत आला आहे. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून आरी वा सुईने जर, मणी आणि टिकल्या जडविणारे हे कारागीर बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधून आलेले पुरुष असतात. या पुरवठादारांची नावे युरोपीय गृहे दीर्घकाळ पडद्याआडच ठेवीत आली.

कियुरी यांनी ही प्रथा काही अंशी मोडली. मुंबईतील चाणक्य ही भरतकाम संस्था आणि करिश्मा स्वाली यांच्या पुढाकाराने स्त्रियांना हे कौशल्य शिकविणारे चाणक्य हस्तकला विद्यालय यांचा त्यांनी जाहीर नामोल्लेख केला. जानेवारी २०२० मध्ये जुडी शिकागो यांच्या कल्पनेतील भव्य पताका या विद्यालयातील स्त्रियांनी भरल्या. जानेवारी २०२२ मध्ये माधवी पारेख आणि मनू पारेख यांची चित्रे भरतकामातून साकारून पॅरिसमधील प्रदर्शनाच्या भिंतींवर आली. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचे प्रदर्शन झाले, तेव्हा मागे भरतकामाचे प्रचंड तोरण होते. घराच्या चौकटीवर असणारी, बहुधा अनाम स्त्रीहातांची ही वस्तू जागतिक व्यासपीठाची पार्श्वभूमी झाली. टी-शर्टावरील घोषवाक्यापेक्षा या तोरणाने अधिक सांगितले.

तरीही दोन मर्यादा स्पष्ट आहेत. पहिली अशी की, श्रेय संस्थेपर्यंत पोहोचले. सुई धरणाऱ्या व्यक्तीपर्यंत ते त्याच प्रमाणात पोहोचल्याचे दिसत नाही. शिवाय विद्यालयातील स्त्री जितकी दृश्य झाली, तितका अड्ड्यावरचा स्थलांतरित पुरुष कारागीर झाला नाही. म्हणजेच केवळ लिंगभावाच्या निकषाने या व्यवहाराचा उलगडा होत नाही. वर्गाचा विचार त्यास जोडावाच लागतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. श्रेय देण्याची ही रीत व्यक्तीची होती, गृहाची नव्हती. कियुरी यांच्यानंतर जोनाथन अँडरसन यांच्याकडे सूत्रे आली. जून २०२५ मधील त्यांच्या पहिल्या पुरुषवस्त्र प्रदर्शनातील एका कोटावर लखनौचे मुकैश काम होते. त्याच्या उगमाचा उल्लेख न केल्याबद्दल भारतात टीका झाली. जे हक्क म्हणून करारात लिहिलेले नसते, ते पदाधिकाऱ्याबरोबर निघून जाते.

संचालकाच्या अधिकाराची कक्षा किती मर्यादित असते, हे इटलीतील एका प्रकरणातही दिसले. जून २०२४ मध्ये मिलान येथील न्यायालयाने दिओरच्या एका उत्पादक उपकंपनीवर न्यायालयीन देखरेख बसविली. उपकंत्राटदारांकडील कामगारांचे शोषण रोखण्यात ती अपयशी ठरल्याचा ठपका होता. २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या जुळणीसाठी, कच्चा माल वगळता, ५३ युरो दिले जात असल्याचे त्या कागदपत्रांतून पुढे आले. ही देखरेख फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीपूर्वी उठविण्यात आली. पुरवठासाखळीचे निर्णय सर्जनशील संचालकाचे नसतात, हे खरे; परंतु ज्या गृहाच्या प्रदर्शनात स्त्रीमुक्तीची भाषा होती, त्याच गृहाच्या हिशेबात ही आकडेवारी होती, हेही तितकेच खरे.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयांतील गृहविज्ञान आणि फॅशन आरेखनाच्या वर्गांत विद्यार्थिनींची संख्या लक्षणीय असते. तेथे कापडाची पोत, रंगसंगती, नमुनाकर्तन हे विषय कसोशीने शिकविले जातात. मालकीविषयी मात्र आपले अभ्यासक्रम बहुधा मौन पाळतात. नोकरीत असताना केलेल्या कलाकृतीचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो, अशी तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. आरेखनाची नोंदणी शक्य असूनही केली नाही आणि त्याच्या औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक प्रती काढल्या, तर कलम १५ नुसार त्यावरील कॉपीराइट संपुष्टात येतो. २००० च्या डिझाइन्स कायद्यातील नोंदणीचे महत्त्व यातून ध्यानात यावे. ही माहिती ज्या पदवीधर विद्यार्थिनीला नाही, तिच्या हातात आरेखन असेल, परंतु अधिकार नसेल.

निष्कर्ष

कियुरी यांच्या कार्यकालाने पदाच्या प्रश्नाचे उत्तर दिले, श्रेयाच्या प्रश्नाला हात घातला आणि मालकीच्या प्रश्नाला स्पर्श केला नाही. त्यास विजय म्हणणे अतिशयोक्त आणि क्लृप्ती म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांची फेंडीच्या सर्जनशील प्रमुखपदी निवड जाहीर झाली. या योगायोगात फॅशनच्या इतिहासाचा मोठा धडा आहे. १९६५ मध्ये फेंडीच्या मालक असलेल्या पाच भगिनींनी कार्ल लागरफेल्ड यांना कामावर घेतले होते. तेव्हा पद पुरुषाकडे आणि मालकी स्त्रियांकडे होती. आज पद स्त्रीकडे आहे आणि मालकी एका महाकाय उद्योगसमूहाकडे. या दोहोंपैकी स्त्रियांचे सर्जनशील नेतृत्व कोणत्या अवस्थेत अधिक होते, या प्रश्नाचे उत्तर केवळ पदनामावरून देता येणार नाही. अभ्यासकांनी आणि अध्यापकांनी तो प्रश्न मालकी आणि श्रेय यांसह विचारावा, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.