स्नायुश्रांती आणि विद्युत् आलेख : एका समीकरणाची चिकित्सा

स्नायूच्या विद्युत् आलेखाची उंची म्हणजे त्याच्या कार्याचे माप, ही समजूत आपल्या प्रयोगशाळांत इतकी रुजली आहे की तिला पुरावा मागण्याची गरजच कोणास वाटत नाही. आलेख वाढला की स्नायू अधिक राबला आणि उतरला की तो थकला, असे निष्कर्ष प्रबंधांतून सर्रास काढले जातात. हे समीकरण कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रेरक एकक म्हणजे एक प्रेरक तंत्रिका कोशिका आणि तिच्या अधीन असलेले सर्व स्नायुतंतू. लिडेल व शेरिंग्टन यांनी १९२५ मध्ये ही संकल्पना मांडली. एड्रियन व ब्राँक यांनी १९२९ मध्ये सुईसारख्या विद्युत् अग्राने एकेका एककाचे आवेग मानवी स्नायूत टिपून दाखविले. स्नायूचे बल दोन मार्गांनी वाढते : नवी एकके कामास लागतात, किंवा चालू एककांच्या आवेगांची गती वाढते. ताज्या स्नायूत या दोहोंमुळे विद्युत् क्रियाही वाढते. म्हणूनच लिपोल्ड यांना १९५२ मध्ये पोटरीच्या स्नायूंत आलेखाची बेरीज आणि बल यांचे सरळ प्रमाण आढळले. आपल्या समजुतीचे मूळ येथे आहे.

परंतु हे प्रमाण ताज्या स्नायूपुरतेच आहे. एडवर्ड्स व लिपोल्ड यांनीच १९५६ मध्ये दाखविले की थकलेल्या स्नायूस तेच बल देण्यासाठी अधिक विद्युत् क्रिया लागते. कमालीहून कमी बल टिकवून धरले असता प्रत्येक तंतू पूर्वीइतके ओढू शकत नाही. ती तूट भरून काढण्यासाठी नवी एकके पुढे येतात. म्हणजे शीण वाढत असताना आलेख चढतो. उलट कमाल प्रयत्नात आलेख व बल दोन्ही उतरतात. एकाच श्रांतीची ही दोन परस्परविरुद्ध चिन्हे आहेत. मग आलेखाच्या उंचीवरून श्रांती ओळखावी तरी कशी?

मर्टन यांचा १९५४ चा प्रयोग या क्षेत्रातील आदर्श मानला जातो, आणि ते योग्यच आहे. अंगठा तळहाताकडे ओढणाऱ्या स्नायूचे बल ओसरले, तरी तंत्रिकेवर दिलेल्या विद्युत् झटक्याने बलात भर पडत नव्हती, आणि त्या झटक्यास स्नायूचा विद्युत् प्रतिसादही घटला नव्हता. यावरून श्रांतीचे स्थान खुद्द स्नायूत, विद्युत् उत्तेजनाच्या पलीकडे आहे, असे त्यांनी ठरविले. स्नायुतंतूतील कॅल्शियमचे विमोचन घटते आणि साचलेले फॉस्फेट संकोचास बाधा आणते, हे पुढील संशोधन या मतास पोषकच ठरले. तथापि एका स्नायूवरील निष्कर्ष सर्व स्नायूंस लावणे गैर होय. कोपर वाकविणाऱ्या स्नायूंच्या दीर्घ कमाल संकोचात मेंदूच्या प्रेरक भागास चुंबकीय उत्तेजन दिले असता मिळणारे जादा बल वाढत जाते, असे गँडेव्हिया व सहकाऱ्यांना १९९६ मध्ये आढळले. तेव्हा श्रांतीचा काही वाटा तंत्रिका संस्थेकडेही जातो.

दुसरी लोकप्रिय कल्पना ‘स्नायूच्या शहाणपणा’ची. बिगलंड-रिची व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नोंदविले की दीर्घ कमाल संकोचात एककांच्या आवेगांची गती बरीच मंदावते. थकलेला स्नायू सैल पडण्यासही अधिक वेळ घेतो. म्हणून कमी आवेगांतही त्याचे झटके एकमेकांत मिसळतात आणि बल जपले जाते, अशी ही उपपत्ती. तिचे सौंदर्य नाकारता येत नाही. मात्र तिला आधार देणाऱ्या कृत्रिम उत्तेजनाच्या प्रयोगांतील आरंभीची गती स्वाभाविक गतीहून बरीच अधिक होती. फ्युगलव्हँड व कीन यांनी २००३ मध्ये स्वाभाविक गती वापरली, तेव्हा उतरत्या गतीपेक्षा स्थिर गतीनेच बल अधिक टिकले. मंदावणे घडते, हे सत्य. ते बलाच्या हिताचे आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. निरीक्षण आणि त्याचे प्रयोजन यांतील हे अंतर अभ्यासकांनी ध्यानी ठेवावयास हवे.

त्वचेवरील अग्रांची मर्यादा तर याहून मूलगामी आहे. अनेक एककांच्या तरंगांचे धन व ऋण भाग एकमेकांस छेदून नाहीसे होतात. शिवाय श्रांतीत तंतूंवरील तरंगाचा वेग घटून त्याचा आकार रुंदावतो. परिणामी आवेगांची संख्या तीच असली तरी आलेख बदलतो. आलेखाचा कल कमी कंप्रतांकडे झुकण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. तेवढ्यावरून मेंदूची आज्ञा बदलली असे म्हणणे धाडसाचे होय.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. ‘रुग्ण पुरेसा प्रयत्न करीत नाही’ असा शेरा अशाच आलेखाच्या बळावर मारला गेला, तर दोष मापनाचा आणि ठपका माणसावर, असा प्रकार होईल. म्हणून आलेखाबरोबर बलाची नोंद, तंत्रिकेच्या कृत्रिम उत्तेजनाचा प्रतिसाद आणि शक्य तेथे एकेका एककाची नोंद, एवढे तरी आपण प्रबंधांत आवश्यक मानावे. आलेख खोटे बोलत नाही. परंतु त्यास विचारलेला प्रश्न त्याच्या आवाक्यातला असावा लागतो.