९.८१ : एका जर्नलचं वाचन

अकरावी-बारावी सायन्सपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत आपल्याकडची मुलं जे सगळ्यात जास्त लिहितात, त्यावर समीक्षा लिहिलेली मी तरी पाहिलेली नाही. मी प्रॅक्टिकलच्या जर्नलबद्दल बोलतेय. खाकी कव्हर, आत सर्टिफिकेटचं पान, इंडेक्स, सहीचा रकाना. मी काही समीक्षक नाही. पण दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करणं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं संशयाने वाचणं, हे माझं रोजचं काम आहे. त्याच नजरेने यंदा दिवाळीला सोलापूरच्या घरी फिजिक्सची तीन जर्नल्स वाचली. एक धाकट्या भावाचं, एक मावसबहिणीचं, एक शेजारच्या मुलाचं. कॉलेजं तीन वेगळी, वर्षंही वेगळी. प्रयोग एकच घेतला : साधा लंबक, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे आपला ‘जी’.

आधी रचना बघा. उजवीकडे रेघांचं पान, डावीकडे कोरं. उजवीकडे पेनाने उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. डावीकडे पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता. ही प्रथा इतकी अंगवळणी पडलीय की तिच्यातली गंमत कुणाला जाणवत नाही. पुस्तकातून उतरवलेला मजकूर शाईत असतो आणि विद्यार्थ्याने स्वतः मोजलेले आकडे खोडता येतील अशा पेन्सिलीत.

मग भाषा. ‘द व्हॅल्यू ऑफ जी वॉज फाउंड टू बी...’ कुणाला फाउंड झाली? कर्ताच नाही. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, मित्रांत ‘काय बे’ असं बोलणारा मुलगा अकरावीत येतो आणि थेट इंग्रजी कर्मणी प्रयोगात लिहायला लागतो. ज्या भाषेत त्याला ‘माझा दोरा हलत होता, म्हणून आकडा चुकला असेल’ एवढं साधं वाक्य लिहिता येत नाही, त्या भाषेत तो सीनियरचं जर्नल उतरवणार नाही तर काय करणार? कॉपीला आळस म्हणणं सोपं आहे. मला तरी निम्मं कारण भाषेत दिसतं.

आता आशय. दोन जर्नल्समध्ये उत्तर ९.८१. आलेखात लंबकाची लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचे सहाच्या सहा ठिपके एका रेषेवर, जणू कवायतीला उभे. आधी रेषा मारायची, मग तिच्यावर ठिपके ठेवायचे, ही पद्धत सगळ्या लॅबना ठाऊक आहे. तिला ‘उलटं काढणं’ म्हणतात. ‘रीडिंग येईना तर उलटं काढ की बे’ हे वाक्य आमच्या बॅचमध्ये दर आठवड्याला ऐकू यायचं.

तिसरं जर्नल जास्त बोलतं. तिथेही ९.८१ आहे, पण पान तिरकं धरलं की खोडरबराखालून जुना आकडा दिसतो : ९.७६. शेजारी लाल पेनाचा गोल आणि ‘रिपीट’. तीन जर्नल्समध्ये मिळून मला सापडलेलं हे एकच खरं निरीक्षण, आणि तेच खोडलंय.

९.७६ चूक होतं का? सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश, उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, म्हणून ‘जी’ ध्रुवाकडे जास्त, विषुववृत्ताकडे कमी. अक्षांश-उंचीच्या नेहमीच्या सूत्रात आपले आकडे घातले की सोलापूरचा ‘जी’ येतो ९.७८ च्या जवळ. पुस्तकातला ९.८०६६५ हा १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेला प्रमाण आकडा आहे, साधारण ४५ अंश अक्षांशाच्या हिशेबाचा. भारताचं उत्तर टोक ३७ अंशांच्या आसपास संपतं. म्हणजे ९.८१ भारतात कुठेच नाही, काश्मीरमध्येसुद्धा नाही. लाल पेनाने त्या मुलाला खऱ्या उत्तरापासून आणखी लांब ढकललं.

अर्थात ९.७६ हाही काही शोध नव्हता. एक मीटरचा लंबक वीस आंदोलनांना चाळीस सेकंद घेतो. ९.७८ आणि ९.८१ यांच्यातला फरक त्या चाळीस सेकंदांत फक्त ०.०६ सेकंद पडतो. स्टॉपवॉचवरच्या अंगठ्याची चूक त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे अशा प्रयोगात ९.७ ते ९.९ मधलं काहीही आलं तरी ते प्रामाणिक. संशय यायला हवा तो अख्ख्या वर्गाचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं आल्यावर.

हाच फरक एका माणसाने खोडला नाही म्हणून आपल्याला पृथ्वीचा आकार कळला. १६७२ मध्ये झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. बरोबर चालावं म्हणून लंबक जवळपास तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. त्याने तसं लिहून ठेवलं, आणि पुढे न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याच्या युक्तिवादासाठी ते वापरलं. कायेनचा ‘जी’ ९.७८, म्हणजे जवळजवळ सोलापूरचाच. आपल्याकडेही सर्वे ऑफ इंडियाचा कॅप्टन बसेवी लंबक घेऊन देशभर हाच फरक मोजत फिरला आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर मोजमाप करतानाच गेला.

चांगलं जर्नल कसं असतं हे बघायचं तर फॅरेडेची डायरी आहे. नोंदींना ओळीने क्रमांक, सोळा हजारांच्या वर. १८४९ मध्ये त्याने गुरुत्वाकर्षणाचा विजेशी संबंध शोधायला वस्तू वेटोळ्यांमधून खाली पाडून पाहिल्या. काही मिळालं नाही. त्याने ते डायरीत लिहिलं, आणि काही मिळालं नाही हे छापलंसुद्धा. त्याला ‘रिपीट’ म्हणणारं कुणी नव्हतं, हे आहेच.

शिक्षकांना एकट्याने धरण्यात अर्थ नाही. दोन तासांत वीस मुलांची बॅच, उपकरणाचे सेट चार, त्यातला एक बंद. सीईटीच्या मागे लागलेल्या काही कॉलेजांत तर लॅबचं कुलूप परीक्षेच्या आठवड्यातच निघतं. यावर ‘व्हर्च्युअल लॅब’चा उपाय सुचवला जातो, तो मला पटत नाही. सिम्युलेशनमधल्या लंबकाला ‘जी’ किती ते प्रोग्रामरने आधीच सांगितलेलं असतं. तुम्ही मोजता तो माझ्यासारख्या कुणीतरी टाइप केलेला आकडा. आमच्या धंद्यात, टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तरच कोडमध्ये लिहून ठेवलेलं सापडलं, तर रिव्ह्यू तिथेच थांबतो. जर्नलमध्ये त्याला पूर्ण मार्क मिळतात.

खरं तर सोलापूरचा ‘जी’ आता खिशातल्या फोनने पकडता येतो. टांगलेल्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर, मिलिमीटरपर्यंत नीट मोजलेला. गोळा पाचेक सेंटिमीटरच बाजूला ओढायचा. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ लावून शंभर आंदोलनं होऊ द्यायची, सव्वातीन मिनिटांचं काम. तेवढ्यात ९.७८ आणि ९.८१ यांच्यात साधारण ०.३१ सेकंदाचं अंतर पडतं, म्हणजे नऊ फ्रेम. त्या बोटाने सरकवून मोजता येतात.

शेजारच्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने आकडे वहीत उतरवून घेतले आणि विचारलं, “ताई, पण एक्स्टर्नलनी मार्क कापले तर?” प्रॅक्टिकल तीस मार्कांचं आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हटलं, अक्षांशाचं सूत्र त्याच पानावर खाली लिही, सोलापूरचे आकडे घालून. विचारलं तर दाखव.