'कॉल इट स्लीप' : पिता, पुत्र आणि भाषा

हेन्री रॉथ (१९०६–१९९५) यांची 'कॉल इट स्लीप' ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. परंतु मोठा वाचकवर्ग तिला १९६४ च्या स्वस्त आवृत्तीनंतरच लाभला. गॅलिशियातून न्यूयॉर्कला आलेल्या एका ज्यू कुटुंबाची ही कथा सामान्यतः स्थलांतराची शोकांतिका म्हणून वाचली जाते. नव्या भूमीने पित्याला पुत्रापासून तोडले, असा या वाचनाचा निष्कर्ष. कादंबरीतील पुरावा मात्र त्यास सर्वांशी अनुकूल नाही.

डेव्हिड हा आपला पुत्रच नव्हे, या आल्बर्टच्या संशयाची मुळे मायदेशातील गतकाळात आहेत. शिवाय आल्बर्ट स्वतःही दुरावलेला पुत्रच आहे. बैलाने त्याच्या वडिलांना शिंगांवर घेतले, तेव्हा तो त्यांना वाचविण्यास पुढे सरसावला नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या घरात तो बैलाची शिंगे विकत आणतो, यातील सूचकता उघड आहे. दुरावा अमेरिकेत जन्मलेला नाही. तो सामानासोबत आलेला आहे.

मग स्थलांतराने काय केले? याचे उत्तर कथानकापेक्षा भाषायोजनेत सापडते. घरातील यिद्दिश संभाषण रॉथ प्रौढ, लयबद्ध इंग्रजीत देतात. तीच माणसे प्रत्यक्ष इंग्रजी बोलू लागली की भाषा मोडकीतोडकी होते. घरात गंभीर व डौलदार असलेली गेन्या उंबरठ्याबाहेर जवळजवळ मुकी ठरते. वाट चुकलेला डेव्हिड आपल्या रस्त्याचे नाव सांगतो, पण त्याचा उच्चार कोणालाच उमगत नाही आणि त्याला पोलिसचौकीत नेले जाते. उलटपक्षी, आई व मावशी गतकाळाविषयी बोलताना मध्येच पोलिश भाषेचा आश्रय घेतात. त्यामुळे मुलाच्या हाती केवळ तुकडे लागतात आणि त्यांतूनच तो स्वतःच्या जन्माची घातक कथा रचतो. एक भाषा त्याला घरी पोहोचवीत नाही. दुसरी त्याला घरातच परके करते.

अँझिया यिझिअर्स्का यांच्या 'ब्रेड गिव्हर्स' (१९२५) मध्ये कन्या पित्याशी उघड वाद घालून घर सोडते. तेथे निदान वादास समान भाषा आहे. रॉथ यांच्या डेव्हिडला तीही नाही.

या दृष्टीने अखेरचा प्रसंग पुन्हा तपासला पाहिजे. ट्रामच्या विद्युत्‌रुळात दुधाचे पळे खुपसून बेशुद्ध झालेल्या डेव्हिडला घरी आणले जाते, तेव्हा आल्बर्ट हा आपलाच मुलगा असल्याचे मान्य करतो. अनेक समीक्षकांना येथे समेट दिसतो. परंतु ही कबुली यिद्दिशमध्ये, पुत्राला उद्देशून नाही. ती परक्या अधिकाऱ्यापुढे, मोडक्या इंग्रजीत उच्चारलेली आहे. पितृत्व सिद्ध झाले, संवाद मात्र झाला नाही. म्हणूनच या शेवटाला समेट म्हणणे घाईचे ठरेल. स्थलांतराने जुना दुरावा निर्माण केला नाही. तो मिटविण्याची भाषा तेवढी हिरावून घेतली.