थोरली आणि धाकटी

आत्या गेली. दिवसकार्य आटोपल्यावर घराची आवराआवर निघाली, तेव्हा भांड्यांना, शिलाई मशीनला, सागवानी कपाटाला वाली निघाले. परसात लटकणाऱ्या चौदा ऑर्किडना कोणी विचारेना. ती माझ्याकडे आली. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून टेम्पोत चढवताना ड्रायव्हर म्हणाला, "बांडगुळं हाईत की ही. घरात कशाला न्यायला लागलाय?" गैरसमज जुनाच. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचं पाणी पितं. ऑर्किड नुसतं फांदीवर बसतं, खातं-पितं स्वतःचं. त्याची दोरीसारखी चंदेरी मुळं हवेत लोंबतात, पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवी होतात. ड्रायव्हरला हे करून दाखवलं. त्याने मान हलवली, मत काही बदललं नाही.

प्रत्येक टोपलीला तारेने कौलाचं खापर बांधलेलं आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने दोन-तीन शब्द. जातीचं नाव एकावरही नाही. 'गगनबावडा. फणस. थोरली.' 'आंबोली. जांभूळ. धाकटी.' एकावर नुसतं 'ओढ्याकाठी पडलेली'. आत्या झाडावरून ओरबाडून काही आणत नसे. पावसाळ्यात मोडून रस्त्यात आलेल्या फांद्या चाळायची, त्यावर जगण्याजोगं काही दिसलं तर उचलायची. मला वाटलं, हे झाले पत्ते. नावं आपण शोधू.

नावं शोधायला पुस्तकं होती. सांतापाव आणि कापडिया यांचं मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडवरचं १९६६ चं पुस्तक, आणि आपल्या शिवाजी विद्यापीठाने २००२ साली काढलेली, यादव आणि सरदेसाई यांची कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतीसूची. या ग्रंथांची रीत उलटतपासणीची. पायरीपायरीवर एक प्रश्न, दोन उत्तरं. एक धरायचं, पुढच्या प्रश्नाला जायचं. पहिले दोन प्रश्न मी झोकात सोडवले. एकच खोड वर वर वाढतं की बाजूला नवे कोंब फुटतात? पानं दोन ओळींत आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला फूल मागितलं. इथे सगळं अडलं, कारण महिना होता माघ आणि 'थोरली', 'धाकटी' दोघी मुक्या. दोघींचं खोड एक, पानं पट्टीसारखी, मुळं जाड. मी वहीत दोघींपुढे 'सीतेची वेणी' लिहून मोकळा झालो. थोरली-धाकटी म्हणजे आधी आणलेली आणि नंतर आणलेली, हेही ठरवून टाकलं.

मेच्या शेवटी दोन वळीव झाले आणि थोरलीच्या पानाच्या काखेतून हिरवा देठ खाली उतरला. दहा-बारा दिवसांत हातभर लांबीचा घोस झाला, त्यावर शंभरभर फुलं, इतकी दाट की मधला देठ दिसेना. वेणी हे नाव कुणी कवीने दिलेलं नाही, डोळ्यांनी दिलेलं आहे. आसामात तर बिहू नाचणाऱ्या मुली हेच फूल अंबाड्यात माळतात. तिथे ते कपौ फूल.

पण घोस लांबून बघायचा, फूल जवळून. एक फूल नखाएवढं. पाच पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर जांभळे शिंतोडे, होळीला पांढरा सदरा घालून बाहेर पडलेल्या माणसासारखे. सहावी पाकळी म्हणजे ओठ. तिच्यावर शिंतोडे नाहीत, ती सबंध जांभळी, अखंड, जिभेसारखी. आणि तिच्या मागे दोन्ही बाजूंनी चेपलेली पिशवी. पुंकेसर आणि स्त्रीकेसर ऑर्किडमध्ये वेगळे राहत नाहीत, त्यांचा मिळून एक खांब होतो. हिच्यात तो आखूड, टोकाला चोचीसारखा. शास्त्रीय नावातलं 'रिंकोस्टायलिस' त्या चोचीवरून. दातकोरणी चोचीखाली हलकेच टेकवली तर एक इवलीशी टोपी निघते आणि काडीला चिकटून बाहेर येतात दोन पिवळ्या गोळ्या, एका देठावर, राईएवढ्या. फुलाचा सगळा पराग तेवढाच. माशीने नेला तर नेला.

मृगात धाकटी फुलली आणि माझी वही खोटी पडली. घोस विरळ, त्याला फांद्या. रंग फिका गुलाबी, त्यावर जांभळे ठिपके. आणि वास, जो थोरलीला जेमतेम. ओठ पाहिला तर जीभ कुठे? तीन भाग, मधला रुंद, पदर पसरावा तसा. मागे पिशवीऐवजी वाकडी आखूड नळी. ही एरिडिस मॅक्युलोसा. मॅक्युलोसा म्हणजे ठिपकेवाली. जात वेगळी नव्हे, अख्खी प्रजातीच वेगळी.

मग पुन्हा पानं पाहिली. थोरलीचं पान लांब, पन्हाळीसारखं खोल, टोक उंदराने कुरतडल्यासारखं. धाकटीचं आखूड, जाड, टोकाला बोथट. चार महिने मी रोज पाणी घालत होतो आणि हे दिसलं नव्हतं. आत्याला फुलाविनाही दिसलं होतं. वयाचा हिशेब तिने लावलाच नव्हता. सारख्या दिसणाऱ्या दोघी एक नव्हेत, एवढं तिने खापरावर लिहून ठेवलं होतं.

फणसाचंही तसंच. डच सेनानी व्हान ऱ्हीड याचा मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या मदतीला होते रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे कोकणी वैद्य. त्यांची नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात आहे. बाराव्या खंडात ही सीतेची वेणी येते ती 'अन्शेली मरवारा' या नावाने. अन्शेली म्हणजे आंजिली, आपला पाटफणस. कोणत्या झाडावर बसते, ते नावातच. पुढे १७५३ मध्ये लिनियसने लॅटिन नाव दिलं, ते पानाच्या टोकाच्या खाचेवर बोट ठेवणारं; फणस गेला. आत्याने लिनियस वाचला नव्हता आणि होर्टसही. पण तिच्या खापरावर फणस होता.

बाकीच्यांत फारसं सांगण्यासारखं नाही. तीन पांढरी डेंड्रोबियम, पानं झडून उघड्या काड्यांवर फुलणारी. एक कोटोनिया, जिचा ओठ हुबेहूब मधमाशीसारखा. दोन माझ्या जादा पाण्याने कुजली.

आणि एक प्लॅस्टिकच्या टोपलीतलं, लठ्ठ जांभळ्या फुलांचं डेंड्रोबियम. हे रानातलं नव्हे, रोपवाटिकेतलं संकरित. इंग्लंडात अशा संकरांची नोंदवही ठेवतात. तिच्यात लाखाहून जास्त नावं आहेत. आईबापांची चिठ्ठी हरवली की त्यांतलं नेमकं कोणतं, हे फूल पाहून खात्रीने सांगता येत नाही. शेकडो भावंडं अशीच जांभळी. बरेच लोक मग मिळतंजुळतं एखादं नाव चिकटवतात. ते मला पटत नाही.

त्याच्या खापरावर लिहिलं होतं: 'भाऊबीज ९८.' आत्याला भाऊ एकच, माझे बाबा. त्यांनी घरात कधी कुणासाठी फूल आणलेलं मी पाहिलेलं नाही.

वहीत लिहिलं: डेंड्रोबियम, संकरित, भाऊबीज ९८. पावसाने आठचा आकडा अर्धा खाल्ला होता. आत्याच्या ऑइलपेंटच्या डब्याच्या तळाशी थोडा पांढरा रंग उरला होता, त्याने तेवढा गिरवून घेतला.