नांगरावरचा खटला

एडवर्ड फॉकनर यांचे 'प्लाउमन्स फॉली' हे पुस्तक ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने 1943 साली काढले आणि शेतीवरच्या पुस्तकाला सहसा मिळत नाही अशी प्रसिद्धी त्याला मिळाली. 'डस्ट बोल'ची धुळीची वादळे अमेरिकन लोकांच्या आठवणीत ताजी होती. पेअर लॉरेंट्झ यांचा 'द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स' हा सरकारी माहितीपट 1936 मध्येच येऊन गेला होता. नांगर आरोपीच्या पिंजऱ्यात आधीच उभा होता. फॉकनर यांनी आरोपपत्र खणखणीत आवाजात वाचून दाखवले, एवढेच. नांगरट का करावी याचे शास्त्रीय कारण आजवर कोणी दिलेलेच नाही, हा त्यांचा दावा. पुस्तकाचा सगळा डोलारा त्या दाव्यावर उभा आहे.

गेली काही वर्षे मराठीत विनानांगरणी शेतीवर जे लेखन येते आहे, म्हणजे कृषी मासिकांतले अनुभव, पुरवण्यांतले लेख, शिबिरांच्या पुस्तिका, ते वाचताना मला या पुस्तकाची वारंवार आठवण होते. घाट तोच आहे. आधी अज्ञान, मग कर्ज आणि घटते उत्पन्न, मग एके दिवशी साक्षात्कार, मग गांडुळे. फुकुओका यांच्या 'एका काडातून क्रांती'चे ऋण बहुतेक जण मान्य करतात, फॉकनरचे नाव क्वचितच कोणी घेतो. पण युक्तिवादाची चाल फुकुओकांच्या मौनाची नसून फॉकनरच्या वकिलीची असते. अलीकडे या आरोपपत्राला हवामानबदलाचे कलम जोडले गेले आहे. नांगरटीने जमिनीतला कर्ब हवेत उडतो, नांगर थांबवला की तो जमिनीत परत बसतो. या नव्या कलमाची साक्ष तपासावी, असे मला वाटते. कारण त्याच्या जोरावर शेतकऱ्यांशी कर्ब-श्रेयांकाचे करार होऊ लागले आहेत, आणि साक्ष कच्ची निघाली तर नुकसान लेखकाचे होणार नाही.

आधी फॉकनरकडे. ते वाचनीय लेखक आहेत यात शंका नाही. फाळ मातीचा थर उलटा करतो तेव्हा पिकाचे अवशेष तळाशी एका पट्ट्यात गाडले जातात आणि तो पट्टा टिपकागदासारखा ओल शोषून धरतो, खालचे पाणी वर येऊ देत नाही, हे त्यांचे वर्णन एकदा वाचले की विसरता येत नाही. परंतु प्रतिमा जितकी चोख, तितका पुरावा नाही. परसातल्या वाफ्यांवरून आणि थोड्याशा शेतावरून त्यांनी साऱ्या खंडाच्या मातीबद्दल निष्कर्ष काढले. गंमत अशी की ते मशागतीच्या विरोधात नव्हतेच. तव्यांच्या कुळवाने हिरवळीचे खत वरच्या थरात मिसळा, असे ते सांगत होते. त्यांचे वैर माती पालथी घालणाऱ्या नांगराशी होते. आजच्या मराठी लेखनात हा फरक पार पुसला जातो. देशी लाकडी नांगर, लोखंडी पलटी नांगर, वखर, रोटाव्हेटर हे सगळे एकाच गुन्ह्यात गोवले जातात. वास्तविक आपला लाकडी नांगर माती चिरतो, उलटत नाही.

फॉकनरचा गाजावाजा करणाऱ्यांत कादंबरीकार लुई ब्रॉमफिल्ड होते. मराठी वाचकाला यात थोडी गंमत वाटेल, कारण त्यांच्या 'द रेन्स केम' या 1937 च्या कादंबरीतले रांचीपूर हे संस्थान सयाजीरावांच्या बडोद्यावरून बेतलेले आहे, आणि ओहायोतल्या त्यांच्या शेताचे नाव 'मलबार फार्म'. हिंदुस्थानच्या पावसावर लिहिणारा माणूस पुढे अमेरिकेच्या मातीचा प्रचारक झाला. तेव्हापासून नांगराचा प्रश्न अर्धा शास्त्राचा आणि अर्धा साहित्याचा राहिला आहे.

आपल्याकडची कथा नेमकी उलट्या दिशेने जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे काळ्या रानातली हरळी आणि कुंदा खणून काढायला याच नांगराचा आधार वाटू लागला. त्या कारखान्याने 1920 साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली आणि तिचे पुढे मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले. म्हणजे आपल्या नियतकालिकांच्या घराण्यातच एक नांगर आहे. नांगराला शिव्या देणाऱ्या आजच्या लेखांनी त्या भित्र्या शेतकऱ्यांना द्रष्टे ठरवलेले मी वाचले आहे. मला ते पटत नाही. कुंद्याने भरलेले रान ज्याला कसायचे आहे, त्याच्या दृष्टीने तो नांगर अडाणीपणाचा नव्हता.

आता कर्बाचे. नांगरटीनंतर मातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे खरे आहे आणि मोजलेले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रायकॉस्की आणि लिंडस्ट्रॉम यांनी गव्हाच्या खुंटांच्या रानात वेगवेगळी अवजारे चालवून 19 दिवस मोजमाप केले आणि 1993 मध्ये ते प्रसिद्ध केले. पलटी नांगराच्या रानातून त्या 19 दिवसांत जेवढा कर्ब वायुरूपाने गेला, तो रानातल्या पिकाच्या अवशेषांतल्या कर्बाच्या 134 टक्के होता. न नांगरलेल्या रानात 27 टक्के. कारण समजण्यासारखे आहे. मातीचे बारीक कण एकमेकांना धरून ढेकळे-रवे बनवतात आणि त्यांच्या पोटात सेंद्रिय पदार्थ जिवाणूंपासून सुरक्षित राहतो. फाळाने ते फुटतात, हवा आत शिरते, जिवाणूंना मेजवानी मिळते. शिवाय पोकळ्यांत आधीच साठलेला वायू एकदम मोकळा होतो.

हा आकडा मराठी लेखांत फार फिरतो आणि तिथेच थांबतो. एकोणीस दिवसांच्या उसळीवरून वीस वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. तो मांडायचा तर दीर्घकालीन प्रयोग लागतात. वेस्ट आणि पोस्ट यांनी 2002 मध्ये 67 दीर्घकालीन प्रयोग एकत्र करून सांगितले की नांगरट सोडल्यास चौरस मीटरला वर्षाला सरासरी 57 ग्रॅम कर्ब मातीत साठतो. हेक्टरी 570 किलो कर्ब, म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड. याच्या शेजारी डिझेल ठेवून पाहा. गंगेच्या खोऱ्यात भातानंतर विनानांगरणी गहू पेरला तर हेक्टरी तीस-चाळीस लिटर डिझेल वाचते. एक लिटर डिझेल जळले की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. 35 लिटरचे 95 किलो. डिझेलची बचत खात्रीची आहे, कोणीही पंपावरच्या पावतीने सिद्ध करील, पण ती लहान आहे. मातीतला साठा तिच्या वीसपट दिसतो. साऱ्या कर्ब-करारांचे वजन या दुसऱ्या आकड्यावर आहे.

आणि तोच आकडा डळमळीत आहे. 2007 मध्ये बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: हे नमुने घेतले किती खोलीवरून? बहुतेक 30 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. न नांगरलेल्या जमिनीत पालापाचोळा वरच राहतो, तेव्हा वरच्या थरात कर्ब जास्त दिसणारच. नांगर तो खाली नेतो. 2010 मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी 69 जोडप्रयोग तपासले. विनानांगरणीत वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये हेक्टरी सुमारे 3.15 टन कर्ब वाढलेला होता आणि 20 ते 40 सेंटिमीटरच्या थरात सुमारे 3.30 टन कमी होता. वरचा खिसा भरला, खालचा रिकामा झाला. 2014 मध्ये पॉल्सन आणि सहकाऱ्यांनी हवामानबदल रोखण्याची विनानांगरणीची क्षमता मर्यादित आहे असे स्पष्ट लिहिले, आणि त्याच लेखात धूप कमी होणे, ओल टिकणे, पेरणी वेळेवर होणे या तिच्या खऱ्या फायद्यांची कदरही केली. या शांत स्वरातले लेखन मराठीत मला फारसे सापडत नाही. एक तर मातीचा जयजयकार, नाही तर ट्रॅक्टरचा.

हिशेबात आणखी दोन वायू आहेत. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. जमीन घट्ट आणि पाणथळ असेल तर नांगर सोडल्यावर तो वाढतो. कॅनडातल्या रोशेट यांनी 2008 मध्ये दाखवले की ही वाढ हवा न खेळणाऱ्या जमिनींतच होते, निचऱ्याच्या जमिनीत होत नाही. जड ट्रॅक्टर आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या ओल्या रानात घातल्या की खाली जो कठीण थर बसतो, तो अशीच हवाबंद जमीन तयार करतो. यंत्राचा हवामानाशी संबंध धुराड्यापेक्षा चाकाखाली जास्त आहे, असे म्हणायला जागा आहे.

आणि युरिया. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा ढोबळ दर धरला, म्हणजे दिलेल्या नत्राच्या एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जाते असे मानले, तर सव्वासहा किलो वायू होतो. सुमारे 1,700 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. रान कोरडे असेल तर हा दर निम्म्यावर येतो, ओले असेल तर दीडपटीला पोचतो. मधला आकडा धरला तरी ते सव्वासहाशे लिटर डिझेल झाले. एका पिकाच्या खतातून. खत बनवायला लागलेला वायू यात धरलेला नाही. नांगरावर पानेच्या पाने लिहिणारे लेख या गोणीबद्दल गप्प असतात, याचे मला नवल वाटते. उसाचे पाचट, हेक्टरी आठ-दहा टन, जाळायचे की खोडव्याच्या सऱ्यांत पसरायचे, हा प्रश्नही नांगरापेक्षा मोठा आहे. पण पाचटाला प्रतीक म्हणून नांगराची ऐट नाही.

बैलांची बाजू घेणाऱ्यांचे लेखन तर मी फार सावधपणे वाचतो, कारण मन आधीच त्यांच्याकडे झुकलेले असते. त्याच समितीच्या जुन्या कोष्टकात भारतीय उपखंडातल्या दुभत्या नसलेल्या जनावराला वर्षाला 27 किलो मिथेन धरले आहे. जोडीचे 54. मिथेनला 27 पट धरले तर ते साडेपाचशे लिटर डिझेलच्या आसपास जाते, बैल कामाला असोत वा गोठ्यात उभे. एवढ्यावर बैलाला दोषी ठरवणेही उथळ आहे. मिथेन बारा-एक वर्षांत विरतो, त्यातला कर्ब गेल्याच हंगामातल्या कडब्याचा असतो, आणि शेण मातीला परत मिळते. डिझेलचा कर्ब मात्र जमिनीच्या पोटातून नव्याने आलेला असतो. हे दोन हिशेब एका ओळीत बसत नाहीत. पण 'बैल म्हणजे शून्य प्रदूषण' हे वाक्य, जे मी किमान डझनभर लेखांत वाचले आहे, ते चूक आहे.

या साहित्यातली सगळ्यात मोठी गाळलेली जागा तणाची आहे. नांगर मुख्यतः तणासाठी चालतो. फॉकनरच्या काळात त्यावर दुसरा तोडगा नव्हता आणि म्हणून त्यांचे पुस्तक गाजूनही नांगर चालूच राहिले. साठच्या दशकात पॅराक्वाट आले, 1974 मध्ये ग्लायफोसेट आले, तेव्हा कुठे अमेरिकेत आणि दक्षिण अमेरिकेत विनानांगरणी पसरली. आज जगात ती वीस कोटी हेक्टरांवर आहे. म्हणजे ही क्रांती काडीतून कमी आणि फवारणीच्या टाकीतून जास्त आली. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. मग उरते खुरपे. खुरपे चालवणारी बाई दिवसभर उकिडवी बसते आणि तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी असते. विनानांगरणीच्या यशोगाथांत शेतकऱ्याचे छायाचित्र असते, गांडुळांचे असते. तण कोणी काढले, किती दिवस, काय दराने, हे वाक्य मी शोधत राहतो.

यापेक्षा प्रामाणिक वाटते ती कोकणातली 'सगुणा राइस टेक्निक', नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेली. कायमस्वरूपी गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, मुळे मातीतच ठेवायची. तिथे हवामानाचा मुद्दा नांगरापेक्षा पाण्याचा आहे: खाचरात पाणी साचून राहिले नाही तर मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना हवे तसे हवाबंद घर मिळत नाही. ओले-कोरडे होत राहिल्याने नायट्रस ऑक्साइड थोडा वाढू शकतो, पण भातात मिथेनचे पारडे सहसा जड असते. इथे दावा जमिनीच्या जातीला आणि पिकाला धरून आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. ही माती उन्हाळ्यात हातभर, कुठे मीटरभर खोल भेगाळते, वरचा भुसभुशीत थर भेगांत पडतो, पावसात फुगून सगळे मिटते. शास्त्रज्ञ तिला स्वतःच स्वतःला नांगरणारी म्हणतात. तिचा कर्ब 30 सेंटिमीटरवर मोजून करार कसा करायचा? महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे 1.34 हेक्टर आहे. वेस्ट-पोस्ट यांचा उदार आकडा धरला तरी अशा शेतकऱ्याच्या नावे वर्षाला पावणेतीन टन येतात. लुओंच्या 40 सेंटिमीटरपर्यंतच्या मोजमापाने जवळपास काहीच नाही. आणि कुंदा माजला म्हणून करारकाळात एकदा खोल नांगर घातला, तर साठवला म्हणून विकलेला कर्ब कोणाच्या खात्यावर नावे पडणार? करारावर लिहिणाऱ्यांनी निदान हे कलम तरी वाचकाला मराठीत उलगडून सांगायला हवे होते.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगरावरून वाहून येणाऱ्या पानाफुलांच्या आणि मेलेल्या प्राण्यांच्या कुजकटाचा शेताशी संबंध लावला, जंगलखात्याने काय बिघडवले ते लिहिले आणि माती अडवायला ताली-बंधारे घालावेत, त्या कामाला लष्कर आणि पोलीस लावावेत असे सुचवले. 1883 सालचे ते लेखन आहे. त्यात माती कुठून येते, कुठे जाते, ती कोणी अडवायची आणि श्रम कोणाचे, हे चारही प्रश्न एका ठिकाणी आहेत.