गुरुकुल, विहार आणि आश्रमशाळा

प्राचीन भारतातील शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष गुरुकुलाला सुवर्णयुगाच्या सिंहासनावर बसवितो. दुसरा बौद्ध विहाराला सर्वांसाठी खुले विद्यापीठ ठरवून मोकळा होतो. दोन्ही पक्षांनी जुन्नरच्या डोंगरांतील शिलालेख सावकाश वाचावेत, अशी आमची विनंती आहे. कारण या एकाच मुलुखात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी कोरलेल्या आहेत.

नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख म्हणजे अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची यादीच होय. असे यज्ञ करावयाचे तर मंत्र स्वरांसह मुखोद्गत असलेले ऋत्विज हवेत. ते घडत गुरूच्या घरी. एका वेदासाठी बारा वर्षे, भिक्षा मागून, शुल्क आधी न ठरविता! शिष्य हा गुरूच्या कुटुंबाचा घटक असे, हे या पद्धतीचे खरे वैभव. परंतु त्या घराचे दार उपनयनाने उघडे, आणि शूद्राला उपनयन नव्हते. सत्यकाम जाबालाच्या कथेत गुरूने कुळ न पाहता सत्यवचन पाहिले, असे आपण मुलांना सांगतो. मूळ कथेत मात्र इतके खरे बोलणारा ब्राह्मणच असला पाहिजे, असा गुरूचा निष्कर्ष आहे. म्हणजे नियम मोडला नाही, त्याला वळसा घातला.

आता लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी येथील बौद्ध लेण्यांकडे वळू. येथील दाते कोण? कल्याणचा सुलसदत्त, धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी, यवन चित. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम हा वत्स गोत्राचा. त्यानेही शके ४६ मध्ये मंडप व पाणपोढी दिली. गोत्र सांगणारा माणूस भिक्षुसंघाला दान देतो, तेव्हा दोन परंपरांमधील भिंत आपण समजतो तितकी उंच नव्हती, हे उघड होते. अ. स. आळतेकरांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संघटित शिक्षणसंस्थांचा उदय बौद्ध प्रभावाशी जोडला. जुन्नरचे लेख त्याला पुस्ती जोडतात: संस्था उभी राहिली ती अनेकांच्या दानावर.

विहारातील नियमही विचार करण्याजोगे आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी, तशी शिष्य आजारी असता उपाध्यायानेही त्याची करावी. बुद्धवचन छंदस भाषेत घालण्याची दोघा भिक्षूंची सूचना बुद्धाने नाकारली आणि स्वतःच्या बोलीत शिकण्यास अनुमती दिली. लॅटिन मिस्सा मराठीत आल्यावर काय घडले हे ज्या कुटुंबांनी अनुभवले, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि विहारालाही उंबरठा होता. दास, ऋणको आणि राजसेवक यांना प्रव्रज्या मिळत नसे. भिक्षुणींवर अधिकचे नियम होते. शिवाय ही शिक्षा मुख्यत्वे संघात प्रवेश केलेल्यांसाठी होती. दान देणाऱ्या व्यापाऱ्याची मुले येथे लिहावयास शिकत, असे एकही लेख सांगत नाही. म्हणून जुन्नरला ‘विद्यापीठ’ म्हणणे आम्हांस घाईचे वाटते.

याच डोंगररांगांत, तळेघर-भीमाशंकर पट्ट्यात, आज महादेव कोळी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. नाव गुरुकुलाचे, राहणी विहाराची. दोन्ही परंपरांचा न्याय त्यांना लावावयाचा तर तीन प्रश्न विचारावे लागतील. गुरू शिष्याला घरचा मानतो काय? मुलाच्या बोलीला वर्गात मान आहे काय? आणि दाराशी कोणी अडविला जातो काय? पहिला प्रश्न गुरुकुलाने शिकविला, दुसरा विहाराने. तिसऱ्याचे पूर्ण उत्तर दोघांपाशीही नव्हते. ते देणे आपल्या पिढीकडे आहे.