शून्य ओळी : इन-मेमरी टेबल आणि अभावाचा प्रश्न

मंडळी, आपण अभावाचं ज्ञान कसं होतं ते पाहत होतो. आज त्याला संगणकातलं उदाहरण घेऊ.

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा त्यांचा आग्रह होता की माहिती यंत्राच्या आत कशी ठेवली आहे याची काळजी प्रश्न विचारणाऱ्याला नसावी. टेबलाचं नाव घ्या आणि विचारा. फार मोठा विचार आहे हा. पण इन-मेमरी टेबल हे वचन इतकं तंतोतंत पाळतं की त्यातूनच फसगत होते, अशी आमची तक्रार आहे.

मायएसक्यूएलचं मेमरी इंजिन घ्या. (याचं जुनं नाव हीप, म्हणजे ढीग, आम्हाला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.) इथे ओळी फक्त रॅममध्ये राहतात. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की टेबलाची रचना शाबूत असते, ओळी मात्र सगळ्या गेलेल्या. आता विचारा, अमक्याकडे काही येणं आहे का? उत्तर येतं : शून्य ओळी. एरर नाही, काही नाही.

रिलेशनल व्यवहारात जे टेबलात नाही ते खोटं असंच धरलं जातं. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये या गृहीतकाला ‘क्लोज्ड वर्ल्ड’ म्हटलं. आपले भाट्ट मीमांसक इथे जास्त सावध आहेत. घडा दिसला नाही एवढ्यावरून घडा नाही असं ठरत नाही; असता तर दिसला असता, अशी परिस्थिती आधी हवी. म्हणजे उजेड हवा. रीस्टार्टनंतरचं टेबल ही अंधारी खोली आहे, आणि आपण तिच्यात डोकावून ‘घडा नाही’ असा दाखला देतो! वर गंमत बघा, रीस्टार्टनंतर ते टेबल पहिल्यांदा वापरलं की मुख्य सर्व्हर बायनरी लॉगमध्ये पुसण्याची आज्ञा लिहितो, म्हणजे इतर सर्व्हरवरच्या प्रतीही रिकाम्या.

वेगासाठी हे सोसायचं म्हणाल, तर इनोडीबीसुद्धा नेहमी लागणारी पानं बफर पूलमध्ये, म्हणजे रॅममध्येच ठेवतं. शिवाय लिहिताना ते ओळीपुरतं लॉक लावतं, मेमरी इंजिन अख्ख्या टेबलाला. लिहिणाऱ्यांची गर्दी झाली की वेगाचा दावा तिथेच अडकतो.

एसक्यूएल सर्व्हर २०१४ मधली सोय आम्हाला बरी वाटते. तिथे टेबल बांधतानाच सांगता येतं, फक्त रचना टिकवायची की ओळीही; काही न सांगितल्यास ओळीही टिकतात. पण हे बांधणाऱ्याला ठाऊक, विचारणाऱ्याला नाहीच.

पुन्हा मोजता येतील अशा बेरजा खुशाल मेमरीत ठेवा. फक्त हे टेबल शेवटचं कधी पूर्ण भरलं, याची एक ओळ डिस्कवर असू द्या, आणि सर्व्हर कधी सुरू झाला त्या वेळेशी ती आधी ताडून पाहा.